बाविसाव्या मजल्यावरून कोथिंबीर

नव्या टॉवरचं माहितीपत्रक घारीसाठी छापलेलं असतं. पहिल्या पानावर प्रकल्प वरून दिसतो, दुसऱ्या पानावर तिरका वरून आणि तिसऱ्यावर सूर्यास्ताच्या वेळी वरून. पोहण्याचा तलाव निळाशार, पोडियमवरची बाग हिरवीगार, मागे ढगांत गेलेली टेकडी, आणि अगदी खाली, पानाच्या कडेला, करड्या रंगाची एक रेघ. ती रेघ म्हणजे रस्ता. रेघेवर दोन मोटारी, एक सायकल आणि हातात फुगा घेतलेलं एक मूल. हे चित्र बघून पुणेकराला पहिला प्रश्न पडतो तो किमतीचा नसतो. ‘बाकीच्या गाड्या कुठे गेल्या?’ हा असतो.

घारीला फ्लॅट घ्यायचा नसतो. ज्याला घ्यायचा असतो तो हा प्रकल्प जन्मभर खालून बघणार असतो. जमिनीपासून साधारण साडेपाच फुटांवरून, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन आणि एक डोळा ड्रेनेजच्या झाकणावर ठेवून. त्या उंचीवरून प्रकल्प कसा दिसतो याचं चित्र मी अजून एकाही माहितीपत्रकात पाहिलेलं नाही. पाहायला मिळालं तर त्यात एक भिंत, एक उतार, एक वॉचमन आणि ‘गाडी हळू चालवा’ अशी पाटी एवढंच दिसेल. त्यावर कोण टोकन देणार?

बाणेर, बालेवाडी, वाकड, खराडी, कुठेही जा, आता नुसती घरं कोणी बांधत नाही. खाली दुकानं, त्यावर चार-पाच मजले गाड्या, एका टॉवरमध्ये ऑफिसं, उरलेल्या तिनांत घरं, मधे क्लब हाउस. ‘घर, ऑफिस, शाळा, शॉपिंग, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर’ असं सेल्स ऑफिसातली मुलगी नकाशावर लेझरचा लाल ठिपका फिरवत सांगते. ठिपका खरोखरच दोन सेकंदांत घरातून ऑफिसात पोहोचतो. त्याला वाटेत रॅम्प, बूम बॅरियर आणि टँकर लागत नाहीत. ती स्वतः मात्र दुचाकीवर येते, हेल्मेट टेबलाखाली ठेवते आणि जेवायला समोर जायचं तरी गाडी काढते, कारण समोर जायला वाट नाही.

खरं तर पुण्याला यात नवीन काही नाही. लक्ष्मी रोडवरच्या जुन्या इमारतीत खाली साड्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर दाताचे डॉक्टर, दुसऱ्यावर शिकवणीचे वर्ग, तिसऱ्यावर मालक आणि जिन्याखाली घड्याळं दुरुस्त करणारा बसलेला असे. दाढ काढायला आलेल्या माणसाची बायको तेवढ्या वेळात साडी बघून घ्यायची आणि नवऱ्याला दोन्हीकडून फटका बसायचा. एवढा संमिश्र वापर साधायला कोणी सिंगापूरचा सल्लागार नेमला नव्हता. पेठेतल्या वाड्याला रस्त्याच्या बाजूला दुकानाचे गाळे असत, ओटा असे, आणि ओट्यावर एक आजोबा असत. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ते कुठल्याही ॲपशिवाय ठेवत. कोण कोणाकडे किती वाजता गेलं, किती वेळ बसलं आणि जाताना चेहरा कसा होता, इथपर्यंत त्यांचा डेटा असे. आणि तो ते सर्वांना उपलब्ध करून देत.

म्हणजे जुन्या पेठेत आणि नव्या टॉवरमध्ये माल तोच आहे: घरं, दुकानं, कचेऱ्या. फरक आहे तो इमारतीनं तोंड कुठे केलंय याचा. वाडा कितीही आखडू असला तरी त्याचं दार रस्त्यावर उघडायचं. टॉवरनं रस्त्याकडे पाठ केलीय आणि तोंड केलंय ते आतल्या तलावाकडे, जिथे ‘पाहुण्यांना मनाई’ आहे.

याचं सगळं खापर उंचीवर फोडायची आपल्याकडे पद्धत आहे. ती तितकीशी न्याय्य नाही. उंचीचा परिणाम होतो, नाही असं नाही. डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांचं निरीक्षण असं, की पाचव्या मजल्याच्या वर गेलं की माणसाचा रस्त्याशी संबंध तुटतो. ना चेहरे ओळखू येत, ना हाक ऐकू जात. गिरगावातल्या चाळीतल्या कोणत्याही आजीनं हे तत्त्व टोपली आणि दोरी यांच्या साहाय्यानं सिद्ध करून दाखवलं असतं. दुसऱ्या मजल्यावरून टोपली खाली सोडायची, भाजीवाल्याशी वरूनच घासाघीस करायची, कोथिंबीर टोपलीत आली की ती वरूनच तपासायची, पिवळी काडी दिसली की टोपली तशीच परत खाली. चौथ्या मजल्यापर्यंत ही यंत्रणा उत्तम चालते. बाविसाव्या मजल्यावरून दोरी सोडायची म्हटली तर ती सत्तर मीटर लागेल, टोपली वाऱ्यावर शेजारच्या विंगमध्ये जाईल, आणि तिथल्या काकू ती ठेवून घेतील. म्हणून बाविसाव्या मजल्यावरचा माणूस दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवरून कोथिंबीर मागवतो. ती आणणारा मुलगा गेटवर नाव लिहितो, ओटीपी देतो, सर्व्हिस लिफ्टची वाट बघतो, आणि पंधरा रुपयांची जुडी अशा इतमामानं वर येते की तिची चटणी करायला जीव होत नाही.

पण उंच इमारत आणि चांगला रस्ता यांचं मूळचं वैर नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात तीस-तीस मजल्यांचे टॉवर आहेत, पण ते सडपातळ, आणि पायथ्याशी दोन-तीन मजली घरांची ओळ, प्रत्येक घराचं दार थेट फुटपाथवर उघडणारं. वर कितीही मजले चढवलेले असोत, चालणाऱ्याला दिसतात ती दारं, पायऱ्या आणि कुंड्या. माणूस चालताना बाविसावा मजला बघतच नाही. बघेल तर पुण्यात दोन पावलांत पडेल.

मग आपला टॉवर रस्त्याशी असा फटकून का वागतो? तो मुळात आखडू आहे असं नव्हे. त्याला तसं वाढवलंय. मुंबई आणि काही अपवाद सोडले तर राज्यातल्या शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. नावात नियंत्रण आधी आणि प्रोत्साहन नंतर असलं, तरी वाचणारे ती मागून पुढे वाचतात. त्यात सामासिक अंतर नावाची एक गोष्ट असते. म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून इमारतीनं किती लांब उभं राहायचं ते. उंच इमारतीभोवती आगीचा बंब फिरला पाहिजे, म्हणून सहा मीटर मोकळी जागा लागते. हे अगदी रास्त आहे. आग लागल्यावर बंबानं रस्त्यावरून हळहळ व्यक्त करून उपयोग नाही. पण बंब वर्षानुवर्षं येत नाही, आणि मोकळी जागा रिकामी ठेवणं हे आपल्या प्रकृतीला मानवत नाही. तिथे पाहुण्यांच्या गाड्या येतात, जनरेटर येतो, कचऱ्याचे डबे येतात, गणपतीचा मांडव येतो, आणि रस्ता अन् इमारत यांच्यामध्ये कायमचा दुरावा येतो.

दुसरा मामला गाड्यांचा. इतके चौरस मीटर बांधलेत तर इतक्या गाड्यांची सोय करा, असा हिशेब असतो. जमिनीखाली खोदायचं तर काळा खडक. म्हणून गाड्या वर चढवतात. रस्त्याला लागून चार-पाच मजले गाड्या राहतात आणि त्यांच्या डोक्यावर माणसं. पूर्वी रस्त्यालगत सर्वांत जवळ आजोबा बसत, आता हॅचबॅक बसते. चालणाऱ्याच्या नजरेला पडते ती लोखंडी जाळी, जाळीमागे बंपर, आणि मधूनच रॅम्पवरून भोंगा वाजवत बाहेर झेपावणारा एखादा रहिवासी. शहराच्या सगळ्यात मोक्याच्या जागी, जमिनीपासून पंधरा मीटरपर्यंत, हवा, उजेड आणि रस्त्याचं दर्शन गाड्यांना मिळतं. त्यांनी त्याबद्दल कधी कृतज्ञता व्यक्त केल्याचं ऐकिवात नाही.

शिवाय नियमावलीत किती चटई क्षेत्र मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता रुंद, तर इमारत मोठी. वरकरणी हे शहाणपणाचं आहे. पण रुंदी मोजली जाते ती नकाशावर, ह्या हद्दीपासून त्या हद्दीपर्यंत. त्या रुंदीत माणसाला चालायला किती उरतं हे मोजायचा रकाना कुठल्याच अर्जात नाही. विकास आराखड्यातला चोवीस मीटरचा रस्ता कागदावर राजमार्ग असतो. प्रत्यक्षात त्याच्या मधोमध एखादं शेत, शेताच्या बांधावर कोर्टाचा मनाई हुकूम आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना अठ्ठावीस मजले असतात.

आता खालच्या दुकानांकडे येऊ. माहितीपत्रकात त्यांना ‘हाय स्ट्रीट’ म्हणतात. तिथे छत्र्यांखाली कॉफी पिणारी माणसं दाखवलेली असतात. प्रत्यक्षात दुकानं पाच पायऱ्या वर, पायऱ्यांपुढे गाड्यांच्या दोन रांगा, त्यापुढे साखळी आणि त्यापुढे फुटपाथ. अर्धे गाळे गुंतवणूक म्हणून विकले गेलेले, त्यांच्या काचांवर ‘भाड्याने देणे आहे’ आणि एक मोबाइल नंबर. उरलेल्यांत एक बँकेचं एटीएम, एक केस उगवून देणारं क्लिनिक, एक परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारं ऑफिस आणि तीन इस्टेट एजंट. सुई-दोरा, रबरी वॉशर, शंभर ग्रॅम ओवा, गॅसची नळी यांतलं काही हवं असेल तर परदेशी शिक्षणाचा सल्ला घेऊन परदेशात जाणं सोपं पडतं.

आणि नेमक्या याच दुकानांसमोर, फुटपाथच्या कडेला, संध्याकाळी सहा वाजता एक छोटा टेम्पो येऊन उभा राहतो. मागचं फळकुट खाली पडतं, वर एक दिवा लागतो, आणि पाच मिनिटांत मेथी, टोमॅटो, ओला हरभरा आणि दुधी मांडले जातात. शेजारी इस्त्रीवाल्याची गाडी असते, पलीकडे चहाची टपरी, टपरीला टेकून तीन वॉचमन, दोन ड्रायव्हर, आणि कोट्यवधींचं ऑफिस सोडून खाली आलेले, गळ्यात पट्टे अडकवलेले सात-आठ तरुण. सल्लागारांनी लाखो रुपये घेऊन जे ‘चैतन्यपूर्ण पथजीवन’ आराखड्यात लिहिलेलं असतं ते इथे, बॅटरीच्या दिव्यावर, परवान्याविना चालू असतं. सगळं इथेच घडतं. घरकामाच्या बाया इथेच एकमेकींना कोणत्या फ्लॅटमध्ये सुट्टीचे पैसे कापतात ते सांगतात. रात्री दहा वाजता मुलगी एकटी घरी येते ती टपरीचा दिवा बघून निर्धास्त होऊन. सीसीटीव्ही कॅमेरा तिला फक्त बघतो. टपरीवाला ‘ताई, आज उशीर?’ असं विचारतो.

अमेरिकेत जेन जेकब्स नावाच्या बाईंनी १९६१ साली लिहिलेल्या पुस्तकात हेच मांडलं होतं, की रस्ता सुरक्षित राहतो तो त्याच्यावर असलेल्या डोळ्यांमुळे. दुकानदार, शेजारी, टंगळमंगळ करणारे यांच्या डोळ्यांमुळे. आपल्याकडे पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्रानं कायदाही केला. पण आमच्याकडच्या सोसायट्यांत पहिली तक्रार असते ती टेम्पोची आणि टपरीची. तक्रार करणारे गृहस्थ तक्रारीचा अर्ज टपरीवर चहा घेत लिहितात, कारण घरी मुलं अभ्यास करू देत नाहीत.

फुटपाथचं म्हणाल तर त्याच्यासाठी भारतीय रोड काँग्रेसनं मापं ठरवून दिलेली आहेत. चालायला किमान १.८ मीटर अडथळ्याविना जागा आणि रस्त्यापासून उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. पुणे महापालिकेनं २०१६ साली रस्त्यांच्या रचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वंही केली. जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यानाच्या बाजूनं त्यांचा प्रत्यय येतो. रुंद फुटपाथ, बसायला बाक, झाडांना आळी, आणि माणसं खरोखरच तिथे बसतात. पहिल्यांदा तिथे गेलेल्या माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. आपण कोणाच्या खासगी जागेत तर शिरलो नाही ना, असं वाटून तो वॉचमनला शोधू लागतो.

आमच्या भागात मात्र फुटपाथ हा खेळाचा प्रकार आहे. सोसायटीच्या गेटपासून निघालात की पहिली दहा पावलं गुळगुळीत टाइल. ही बिल्डरनं बसवलेली, कारण इथपर्यंत ग्राहक येतो. मग रॅम्प येतो. तिथे फुटपाथ खाली उतरतो, गाड्या जातात, फुटपाथ पुन्हा चढतो. मग विजेचा डबा, दार उघडं. मग झाड. झाडाला धरून केबलची भेंडोळी. मग गुलाबी पेव्हर ब्लॉक, त्यांतले काही दाबले की पावसाचं पाणी पिचकारीनं उडवणारे. कोणता ब्लॉक उडवतो हे स्थानिकांना पाठ असतं. पाहुण्याला ते त्याच्या पँटवरून कळतं. मग दुचाकी फुटपाथवर येऊ नयेत म्हणून रोवलेले लोखंडी खांब. त्यांतून दुचाकी आरामात जाते, बाबागाडी आणि चाकाची खुर्ची अडते. मग वाढदिवसाचा फ्लेक्स, ज्यातले दादा हात जोडून आपल्याला खाली उतरायला सांगत असतात. आपण उतरतो. पुढचा प्रवास रस्त्याच्या कडेनं, पीएमपीच्या बसच्या आरशापासून डोकं वाचवत.

उंच इमारतीत चोवीस मीटरच्या वर ठरावीक अंतरांनी आसरा घेण्याची जागा ठेवावी लागते. आग लागली तर माणसांनी तिथे येऊन थांबायचं. ही व्यवस्था अत्यंत विचारपूर्वक केलेली आहे. पण बाविसाव्या मजल्यावरच्या माणसाच्या घरी आग लागण्याची शक्यता आणि त्याच माणसानं रोज संध्याकाळी खालचा रस्ता ओलांडण्याची शक्यता यांची तुलना कोणीतरी करायला हवी. रस्त्यावरचा आसरा म्हणजे दीड फुटाचा डिव्हायडर. त्यावर एक आजी, एक कुरिअरवाला आणि एक कुत्रा दोन्हीकडच्या गाड्यांकडे आळीपाळीनं बघत उभे असतात. त्यांतल्या कुत्र्याचा अंदाज सगळ्यांत चांगला असतो. आजी त्याच्यामागून निघते.

चालणाऱ्याचं काहीच होत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. ११ डिसेंबरला पुण्यात पादचारी दिन साजरा होतो. लक्ष्मी रोड त्या दिवशी वाहनांना बंद असतो, रांगोळ्या घालतात, कार्यक्रम होतात, अधिकारी पायी चालतात आणि त्यांचे फोटो येतात. बैलाला जसा पोळा, तसा पादचाऱ्याला हा दिवस. शिंगं रंगवायची, पुरणपोळी खाऊ घालायची, आणि दुसऱ्या दिवशी जू.

खालचा मजला रस्त्याला द्यायचा ही काही परग्रहावरची कल्पना नाही. सिंगापूरच्या १८२२ च्या नगर आराखड्यात स्टॅमफर्ड रॅफल्सनं असं घालून दिलं, की दुकानाच्या घरांपुढे छताखालची सलग वाट ठेवायची. ती ‘पाच फुटी वाट’ अजून तिथे आहे. मुंबईच्या फोर्टात दादाभाई नौरोजी रस्त्यावरून भर पावसात कोरडं चालता येतं, कारण इमारतींनी तळमजल्यावर कमानींचा ओवरा सोडलेला आहे. वर ज्याची त्याची कचेरी, ज्याचा त्याचा घुमट, ज्याची त्याची ऐट. पण खालचे दहा-बारा फूट सगळ्यांनी मिळून गावाला दिलेले. त्या ओवऱ्यात आज पुस्तकं, पट्टे, घड्याळं, चष्म्याच्या फ्रेमा असं सगळं विकलं जातं, आणि त्यामधून मुंबईकर कोणालाही धक्का न लावता धावत स्टेशन गाठतो.

न्यूयॉर्कनं १९६१ साली बिल्डरांना सांगितलं, खाली लोकांसाठी मोकळा चौक सोडा, वर जादा मजले घ्या. बिल्डरांनी जादा मजले घेतले. चौकही सोडले, पण पुष्कळ चौक असे की तिथे कबुतरंही थांबेनात. कठड्यांवर टोकदार खिळे, बसायला काही नाही, सावली नाही. मग विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, की काही चौकांत गर्दी का होते आणि काहींत का होत नाही. त्यांचा एक प्रमुख निष्कर्ष असा, की जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. हा शोध लावायला त्यांना कॅमेरे लागले. सदाशिव पेठेत कुठल्याही दुकानाच्या बंद शटरसमोर ‘येथे बसू नये, पायरी आमची आहे’ ही पाटी वाचली असती, तर तोच निष्कर्ष एका दुपारीत, चहासकट मिळाला असता. पुण्यात कट्टा बांधावा लागत नाही. फक्त खिळे ठोकायचं थांबवावं लागतं.

आता मेट्रो आली. मार्च २०२२ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा निम्मं पुणं नुसतं बसून यायला गेलं होतं. मेट्रोबरोबर एक धोरणही आलं. स्टेशनपासून पाचशे मीटरच्या आत चारपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक मिळू शकतो, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम. कल्पना चांगली आहे: स्टेशनजवळ जास्त माणसं राहिली तर ती चालत येतील आणि गाडी घरी राहील. पण पाचशे मीटर मोजतात ते नकाशावर स्टेशनच्या ठिपक्यावर कर्कटकाचं टोक रोवून, वर्तुळ काढून. त्या वर्तुळाच्या आत कावळा स्टेशनवर अर्ध्या मिनिटात पोहोचतो. माहितीपत्रक घारीसाठी आणि धोरण कावळ्यासाठी. माणसासाठी मधे दोन सोसायट्यांच्या भिंती, एक नाला, एक रिकामा प्लॉट आणि त्यावरची ‘ही मिळकत खासगी आहे’ ही पाटी असते. वर्तुळातला माणूस वळसे घालत दीड किलोमीटर चालतो, किंवा रिक्षावाल्याला विचारतो. रिक्षावाला मान हलवतो. मग माणूस गाडी काढतो, आणि पोडियममधली ती पाच मजली गाड्यांची वसाहत अशा रीतीनं सार्थकी लागते.

आमच्या सोसायटीची मागची भिंत अशाच एका वर्तुळात येते. भिंतीवरून स्टेशनचा सरकता जिना दिसतो, त्यावरचे लोक दिसतात, ओळखीचा असेल तर हात करता येतो. पण जायचं तर पुढच्या गेटनं बाहेर पडून अख्ख्या प्रकल्पाला प्रदक्षिणा. म्हणून यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सात असा होता: ‘मागील भिंतीत पादचाऱ्यांकरिता लहान गेट करणेबाबत विचारविनिमय.’ विषय क्रमांक एक ते सहा पार्किंगचे होते. त्यामुळे सातवा विषय निघाला तेव्हा सामोसे संपलेले होते आणि वातावरण कडक होतं.

पहिली हरकत सुरक्षेची. “गेट केलं की माणसं येणार,” असं खजिनदार म्हणाले.

“गेट त्याचसाठी असतं ना?” एका नवख्या भाडेकरूनं विचारलं. भाडेकरूंना बोलायचा अधिकार नाही हे त्याला सांगण्यात आलं.

मग ए विंगनं निदर्शनास आणलं, की गेट सी विंगच्या मागे होणार, त्याचा फायदा सी विंगला, तर मग वॉचमनच्या तीन पाळ्यांचा पगार ए विंगनं का भरावा? त्यावर सी विंगनं जलतरण तलाव ए विंगच्या बाजूला आहे याची आठवण करून दिली. बी विंगनं दोन्ही मुद्दे योग्य असल्याचं सांगितलं आणि कोणत्याच खर्चाला मान्यता दिली नाही.

तेवढ्यात कोणीतरी होकायंत्र काढलं. भिंत दक्षिणेला निघाली. दक्षिणेला दार म्हणजे यमाची दिशा, असं मागच्या रांगेतून ऐकू आलं. यावर बी विंगमधले निवृत्त अभियंता काका उठले. “यम रेड्यावरून येतो,” ते म्हणाले. “त्याला व्हिजिटर पार्किंग लागेल. तो पुढच्याच गेटनं येणार.” टाळ्या पडल्या, पण मतं पडली नाहीत.

शेवटी जोशीकाकू बोलल्या. त्या शनिवार पेठेत वाढलेल्या. “शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तीनं धडक देऊ नये म्हणून हे एवढाले लोखंडी खिळे आहेत,” त्या म्हणाल्या. “पेशव्यांना हत्तींची, तोफांची, निजामाची सगळ्यांची धास्ती होती. तरी त्या दरवाजात त्यांनी माणसांसाठी दिंडी ठेवलीय. तुम्हाला इथे कोणाच्या हत्तीची भीती आहे ते एकदा सांगा, म्हणजे मी खाली बसते.” सभेत शांतता पसरली. मग सेक्रेटरींनी हा विषय महत्त्वाचा असल्याचं मान्य करून उपसमिती नेमली, आणि उपसमितीत ज्यांचा विरोध होता त्या सगळ्यांना घेतलं, म्हणजे चर्चा सर्वांगीण होईल.

पुढच्याच आठवड्यात भिंतीच्या आतल्या बाजूला एक प्लॅस्टिकचं स्टूल दिसू लागलं. पलीकडे बाहेरच्या बाजूला दोन सिमेंटचे ठोकळे. कोणी ठेवले, कोणालाच माहीत नाही. आधी कॉलेजची मुलं त्यावरून जाऊ लागली, मग घरकामाच्या बाया, मग अभियंता काका, आणि एका सकाळी खजिनदारही लॅपटॉपची बॅग आधी पलीकडे सोडून मग स्वतः भिंतीवर बसलेले दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पाहणी करतोय,” ते म्हणाले आणि पलीकडे उतरले. भिंतीपलीकडे महिन्याभरात एक चहावाला आला, एक पोहेवाला आला, आणि सकाळी साडेआठला तिथे इतकी वर्दळ होऊ लागली की एक रिक्षाही थांबू लागली. रस्ता कसा जन्माला येतो हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी यावं. फक्त गुडघे धड असावेत.

लवकरच पाटी लागली: ‘सदर स्टूल सोसायटीच्या मालकीचे नाही. वापर स्वतःच्या जबाबदारीवर करावा. वापर झाल्यावर स्टूल हलवू नये.’ त्याखाली पेनानं कोणीतरी लिहिलं, ‘स्टूल डुगडुगते.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘तुम्ही डुगडुगता.’

परवा विशेष सभा झाली. ज्येष्ठ नागरिकांचा विचार करून प्लॅस्टिकच्या स्टुलाऐवजी भिंतीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पायऱ्या, हाताला कठडा आणि पावसासाठी वर छोटा पत्रा बसवावा, असा ठराव आला. तीन कोटेशनं होती. सगळ्यांत स्वस्त कोटेशन गेटच्या अंदाजित खर्चापेक्षा बाराशे रुपयांनी जास्त होतं, हे अभियंता काकांनी आकडेमोड करून दाखवलं. ए विंगनं खर्चाचा वाटा उचलायला हरकत घेतली नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला, आणि भिंत शाबूत राहिल्याबद्दल सेक्रेटरींनी सर्व सभासदांचे मनःपूर्वक आभार मानले.